डावीकडचं दार

नाना गेल्याची बातमी मला धुळ्यात कळली. गुरुवार होता, डॉक्टर बाईंचा धुळ्याच्या दवाखान्याचा दिवस. बाई आत पेशंट तपासत होत्या आणि मी नेहमीसारखी गाडी निंबाखाली लावून काचा पुसत होतो. दवाखान्यातला कंपाउंडर बाहेर आला. एरवी तो आला की दुरूनच माझ्या कोकणी हेलाची नक्कल करत येतो, त्या दिवशी गप्प आला. जळगावहून फोन होता म्हणाला. मग त्यानं सांगितलं, नाना दुपारी जेवले, आडवे झाले, अक्कांनी चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत... गेले दोन महिने पाय सुजायचे म्हणून नाना गुरुवारी आमच्याबरोबर येत नव्हते. तरी मला वाटत होतं, पाय काय, उतरतील. माणूस पायानं जातो असं कधी ऐकलं नव्हतं.

बाई तशाच ॲप्रन घालून बाहेर आल्या, "चल सुरेश" म्हणाल्या. मी फडकं खांद्यावर टाकलं, गाडीला वळसा घातला, पुढचं डावीकडचं दार उघडलं आणि धरून उभा राहिलो. म्हाताऱ्या माणसाला दाराची कड धरायला, मान वाकवायला, बसायला आणि मागे राहिलेला पाय आत घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग माझ्या लक्षात आलं. बाई मागच्या दारापाशी उभ्या होत्या. तिकडे कुठं जातोस, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी दार लावेपर्यंत थांबल्या आणि मग बसल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांनी मला दोन शब्द बोलायचा आग्रह केला. नानांच्या वस्तीतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत बसलेली, समोर बुद्धाच्या तसबिरीशेजारी नानांचा खाकी शर्टातला फोटो. मी उभा राहिलो, नमस्कार केला आणि खाली बसलो. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी, चार लोकांत माझी जीभ टाळूला चिकटते. बाई नंतर म्हणाल्या, बोलता येत नाही ना, मग लिही, मी पेपरवाल्यांकडे देते. म्हणून बसलो आहे. त्या दाराचं काय ते मला सांगायचं आहे.

मी मूळचा गुहागर तालुक्यातला. शाळा कुणी सोडवली नाही, मीच सोडली, गणिताच्या धास्तीनं. विसाव्या वर्षी वाडीतल्या एका काकांबरोबर आखातात गेलो. तिथं एका मोठ्या घरी आधी गाड्या धुवायला होतो, मग चालवायला लागलो. इथलं लायसन्स जाण्याआधी एका एजंटानं काढून दिलेलं होतं आणि तेव्हा मी स्टिअरिंगला हातसुद्धा लावलेला नव्हता. शिकलो ते तिथंच. तिथली गाडी म्हणजे लांबलचक, थंडगार, ऑटोमॅटिक. दांडी 'डी'वर ठेवायची आणि उजवा पाय दाबायचा, की निघाली. गिअर तिचे तीच बदलते. सात वर्षं माझा डावा पाय नुसता बसून होता. शिवाय तिथं स्टिअरिंग डाव्या हाताला आणि रस्ताही उलटा, सगळे उजवीकडून चालतात.

नव्वद साली तिकडे लढाई पेटली आणि आम्ही हजारो माणसं एकेक पिशवी घेऊन परत आलो. वाडीत माझ्यासारखे आणखी दोघे परत येऊन ओसरीवर बसले होते. लोक त्यांच्याकडे बघून बघून बोलायचे. माझ्या आईला मी तसा बसलेला बघवलं नसतं. तिकडे माझ्या खोलीत जळगावचा एक जण राहायचा, त्याची बहीण बाईंच्या प्रसूतिगृहात नर्स होती. तिच्याकडून कळलं की बाईंना ड्रायव्हर हवा आहे. मी पत्रात लिहिलं, परदेशात गाडी चालवण्याचा सात वर्षांचा अनुभव. एक अक्षर खोटं नव्हतं. कुठली गाडी ते मी लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बाईंनी एक महिना बघू म्हणून बोलावलं आणि आईनं त्याच दिवशी अख्ख्या वाडीला सांगून टाकलं, सुरेशला जळगावला कायमची नोकरी लागली. आता दुसऱ्यांदा पिशवी घेऊन परत जाणं मला शक्य नव्हतं. तो एक महिना मला निभवायचा होता, बस.

नाना बाईंचे ड्रायव्हर, त्याआधी बाईंच्या सासऱ्यांचे. वीस-बावीस वर्षं तेच. आता थकलो, कोणीतरी तरणा माणूस घ्या, महिनाभर शेजारी बसून त्याला रस्ते दाखवतो, असं त्यांनी स्वतःच बाईंना सांगितलं होतं. मला मात्र वाटलं, हा म्हातारा माझ्यावर पहाऱ्याला ठेवलाय. डिसेंबरातली सकाळ होती. अंगणात पांढरी अँबॅसॅडर उभी. नाना आले ते गाडीच्या बोनेटवरून हात फिरवत, काचेच्या कडेनं बोटं सरकवत. मला वाटलं, किती जीव आहे याचा गाडीवर. पायरीवर बाई उभ्या, व्हरांड्यात पेशंटचे नातेवाईक चहा पीत बसलेले. मी छाती पुढं काढून गेलो, दार उघडलं आणि रुबाबात बसलो... समोर स्टिअरिंगच नाही. सवयीनं मी डावीकडे जाऊन बसलो होतो.

नाना खिडकीत वाकले. "आठे बठीसन गाडी चालावशी का?" म्हणजे इथं बसून चालवणार का. व्हरांडा हसला. मी घामाघूम होऊन उजवीकडे गेलो, तोवर नाना डावीकडे येऊन बसले होते. पुढचं मला नीट आठवतही नाही. त्या गाडीच्या गिअरची दांडी स्टिअरिंगखालून डाव्या बाजूला निघालेली. क्लच म्हणून काहीतरी असतो हे मला ऐकून माहीत होतं. मी ते दाबलं, दांडी कुठंतरी घुसवली, पाय सोडला आणि गाडीनं बेडकासारखी उडी मारली. बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी. तिसऱ्या उडीला आम्ही फाटकाच्या खांबापासून वीतभर अंतरावर होतो. बाई पायरी उतरून आल्या, काय झालं म्हणून. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली होती. तेवढ्यात नाना शांतपणे म्हणाले, "काही नाही बाई. थंडीची उभी आहे ना, तापू द्या जरा. मी ह्याला मोकळ्या रस्त्याला फिरवून आणतो." बाईंशी नाना नेहमी असं शुद्ध बोलायचे आणि माझ्याशी अहिराणी. पारोळ्याजवळच्या खेड्यातले ते. मला त्यांची भाषा अर्धी कळायची, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

बाई आत गेल्यावर नानांनी मला दुसऱ्या दिवशी उजाडता यायला सांगितलं. आलो तर म्हणाले, "खरं सांग. तुले गाडी येस का नही?"

मी सगळं सांगितलं. ऑटोमॅटिक, डावा पाय, लायसन्स, आई, वाडी. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी उलट विचारलं, तिकडची गाडी खरंच आपल्या आपण गिअर टाकते? हो म्हटलं. मग ड्रायव्हर काय करतो? मी म्हटलं, नुसता बसतो. नाना हसले. मग तुला नुसतं बसता येतं, एवढं तर नक्की, बाकीचं बघू, असं काहीतरी म्हणाले. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, "भ्यू नको. बठ्ठं व्हई जाई." सगळं होऊन जाईल.

मग रोज उजाडता आम्ही नशिराबादच्या बाजूला जायचो, हायवे सोडून केळीच्या बागांमधून जाणाऱ्या एका कच्च्या रस्त्याला. नानांनी पहिल्या दिवशी मला चपला काढायला लावल्या. थंडीनं पायाची बोटं आखडलेली, तरी अनवाणी. क्लच तळव्याला कळला पाहिजे म्हणायचे, चपलेला कळून काय उपयोग. त्या गाडीचं पुढचं सीट म्हणजे सलग बाकडं आणि गिअरची दांडी अशी, की शेजारी बसलेल्याचा हात सहज पोचतो. नानांनी कामं वाटून घेतली. स्टिअरिंग, क्लच आणि रेस माझ्याकडे. गिअर टाकणार ते. इंजिनाचा आवाज चढत चढत एका जागी आला की नाना "हं" म्हणायचे, मी क्लच दाबायचा, ते दांडी सरकवायचे, मी पाय सोडायचा. एवढंच. "हं" म्हणजे हुंकार नव्हे, विचारणाही नव्हे. ओळखीच्या माणसाची चाहूल लागल्यावर आपण जसं म्हणतो तसं. मी विचारायचो, नाना, कधी दाबायचं ते तुम्हाला कळतं कसं? ते म्हणायचे, "गाडी बोलस. तू आयक." मी कान देऊन ऐकायचो. मला नुसता धडधडाट ऐकू यायचा.

पहिले चार दिवस मी क्लच सोडताना गाडी इतकी हिसकायची की नानांची टोपी दोनदा खिडकीतून बाहेर गेली. तिसऱ्यांदा त्यांनी ती आधीच काढून मांडीखाली घेतली. एका वळणावर तर मी सरळ उजव्या बाजूला गेलो, आखातातल्यासारखा, आणि समोरून केळीची पानं डोक्यावर घेऊन येणारी बाई शिव्या देत बांधावर चढली. नानांनी खिडकीतून तिला हात जोडले, मावशी, पाहुणा आहे, परदेशातनं आलाय. परत आल्यावर अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, आम्हाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायच्या. मी भात मागितला की नाना मला 'भातखाऊ कोकण्या' म्हणायचे आणि अक्का त्यांच्यावर डोळे वटारून दुसऱ्या दिवशी माझ्यापुरता मूठभर भात टाकायच्या. इतक्या लांब, जिथं मला भाषा धड कळत नव्हती, तिथं माझ्यासाठी वेगळं भांडं चुलीवर चढायचं...

आठवडा झाला असेल. मला पहिला आणि दुसरा गिअर स्वतः टाकता यायला लागले होते. नाना म्हणाले, सरक, आज मी दाखवतो. मी डावीकडे बसलो. काय चालवली त्यांनी! गिअर कधी बदलला ते मला पोटाला कळलं नाही, नुसतं पुढं सरकत गेल्यासारखं. मी त्यांच्या पायाकडे बघत होतो. सहज वर पाहिलं, तर रस्त्याच्या डाव्या बाजूला खडीचा ढीग, अर्धा रस्ता अडवून. मला वाटलं, आता वळवतील. आता वळवतील. नाना सरळच चालले होते. "नाना, खडी" म्हणेपर्यंत ढीग बोनेटला आला आणि मी आडवा पडून स्टिअरिंग ओढलं. डाव्या अंगाची खडी चाकाखाली करकरली आणि गाडी पलीकडच्या बांधाला जाऊन थांबली.

नानांनी गिअर न्यूट्रलला घेतला. हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. एकेक काम नेहमीच्या क्रमानं, अजिबात घाई न करता. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाले, "आते तुले समजनं. मना डोया गयात, भो."

डाव्या बाजूचं त्यांना काहीच दिसत नव्हतं. उजव्या डोळ्यालाही कडेकडेनं अंधारून यायचं. समोरचा माणूस दिसायचा, पण त्याच्या बाजूचा दिसायचा नाही. दिवाळीपासून त्यांनी बाईंना बसवून गाडी चालवली नव्हती. कंबर धरली आहे असं सांगायचे आणि बाई धुळ्याला भाड्याच्या गाडीनं जायच्या. म्हणून तर दुसरा माणूस मागितला. तेव्हा मला ते बोनेटवरून हात फिरवत येणं कळलं. ते दाराची मूठ शोधत यायचे. मी म्हटलं, नाना, बाई डॉक्टर आहेत, त्यांना सांगा. त्यांनी मान हलवली. वस्तीत त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं, सगळे डायवरनाना म्हणायचे. आणि बाईंना आजवर कधी ओरखडा येऊ दिला नाही, आता म्हणू का, की आंधळ्याच्या भरवशावर फिरत होता? कधीपासून दिसत नाही ते विचारतील, मग काय सांगू? बाईले सांगू नको, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. माझंही गुपित त्यांच्याकडे होतंच. थोड्या वेळानं ते स्वतःच हसले. "तुना डोया, मना कान. व्हयना एक डायवर."

त्या दिवसापासून मी दार चुकवायला लागलो. म्हणजे मुद्दाम. अंगणात सगळ्यांसमोर नानांना मूठ चाचपावी लागू नये म्हणून मी आधी डावीकडे जायचो, ते दार उघडायचो आणि मग जीभ चावून, अरे चुकलो, म्हणत उजवीकडे जायचो. दार उघडंच राहायचं आणि नाना त्यातून बसायचे. व्हरांड्यातले लोक रोज हसायचे. कोकण्याला अजून स्टिअरिंग सापडेना, म्हणायचे. नर्सबाई हसायच्या, बाईसुद्धा हसायच्या. मला आयुष्यात पहिल्यांदा लोकांच्या हसण्याचं काही वाटलं नाही. नाना फक्त बसताना माझ्या मनगटाला हात लावायचे, दाराला लावल्यासारखा.

दोनच दिवसांनी बाईंना घेऊन धुळ्याला जायचा माझा पहिला गुरुवार आला. मागे बाई, पुढे आम्ही दोघे मिळून एक ड्रायव्हर. पारोळ्यात बाजार समितीपाशी रस्त्याला उंचवटा आहे, जाताना-येताना दोन्हीकडून चढ, आणि तिथं ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग लागते. तिथं गाडी थांबवून पुन्हा काढायची म्हणजे माझा जीव जायचा. गाडी मागे घसरायची, मागून बैलगाडीवाला ओरडायचा. नाना बाईंना पारोळ्याच्या किल्ल्याची काहीतरी गोष्ट सांगायला लागायचे, मोठ्या आवाजात, आणि त्याच बोलण्यात मधेच "हं" म्हणायचे, म्हणजे आता पाय सोड. त्यांचा हात दांडीवर आणि माझा पाय क्लचवर. गाडी चढायची. बाईंनी मागून काही बघितलं असेल-नसेल.

धुळ्याला पोचल्यावर नाना चहाला गेले आणि मी दवाखान्यात पाणी प्यायला. त्याच इमारतीत डोळ्यांचे डॉक्टर बसायचे. बाहेर भिंतीवर एक पाटी होती. मी हळूहळू वाचतो, अक्षरं जोडत. काचबिंदू. दुखत नाही म्हणून कळत नाही. आधी बाजूचं दिसेनासं होतं. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली वाचवता येते. उशीर करू नका.

मी ती पाटी पुन्हा वाचली. सगळं नानांचंच लिहिलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे. मला त्याच दिवशी आत जाऊन बाईंना सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. नानांना शब्द दिला होता, असं मी स्वतःला म्हणत होतो, आणि ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे, की नाना शेजारी नसते तर मला पारोळ्याचा चढ चढता आला नसता. नाना गेले असते दवाखान्यात आणि मी पिशवी घेऊन वाडीत. दुसऱ्या गुरुवारी मी पाटी वाचली. तिसऱ्या गुरुवारी वाचली. तिसरा गिअर आला, चौथा आला. एक दिवस नशिराबादच्या रस्त्याला मला अचानक इंजिनाचा तो आवाज ऐकू आला, चढत चढत येऊन थांबणारा, आणि नानांच्या "हं" आधीच माझा पाय गेला. नानांनी दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. तिसऱ्या गुरुवारी परतताना बाई म्हणाल्या, सुरेश, राहा आता इथंच, महिन्याचं वगैरे काही नको. आणि चौथ्या गुरुवारी मी सांगितलं. नोकरी पक्की झाल्यावर. हे मी लपवणार नाही.

नाना चहाला गेले होते. बाई हात धुत होत्या. मी एका दमात सगळं बोललो, डोळ्यांचं, खडीचं आणि माझ्या ऑटोमॅटिकचंही. म्हटलं, काढायचं असेल तर मला काढा, पण नानांना आज दाखवा. बाईंनी नळ बंद केला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पाटी वाचल्याला तीन आठवडे झाले."

त्यांनी खुंटीवरचा टॉवेल ओढला. मग विचारलं, "आज गाडी कुणी आणली इथवर?"

"मी."

"मग ते झालं," बाई म्हणाल्या, आणि नानांना शोधायला टॉवेल तसाच हातात घेऊन बाहेर गेल्या.

डावा डोळा गेलेलाच होता. उजव्याचं ऑपरेशन तिथंच धुळ्यात झालं आणि जेवढं दिसत होतं तेवढं राहिलं, औषधाच्या थेंबांवर. मी त्या डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, तीन आठवडे आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, हे वर्षानुवर्षांचं दुखणं, तीन आठवड्यांनी काही होत नसतं. मी मान हलवली. पटलं नाही.

नाना माझ्याशी बोलेनात. दवाखान्यात डबा घेऊन गेलो की भिंतीकडे तोंड करायचे. घरी न्यायच्या दिवशी मी डावीकडचं दार उघडलं. ते बसले, पण मनगटाला हात लावला नाही. दाराची कडच धरली. बाई मागे. धुळं सुटलं, मैलामागून मैल गेले, नाना डोळ्यावर हिरवी पट्टी लावून सरळ समोर तोंड करून बसलेले. पारोळ्यात नेमकी रांग लागली. मी थांबलो. पुढचा ट्रॅक्टर हलला आणि क्लच कधी सोडायचा तेच मला कळेना, पहिल्या दिवसासारखं. गाडी मागे सुटणार, तेवढ्यात शेजारून आलं... "हं."

मी पाय सोडला. गाडी चढली. नशिराबादच्या रस्त्याला पहिल्यांदा केलं होतं तसं नानांनी टोपी काढून मांडीखाली ठेवली आणि मागून बाई हसल्या.

त्यानंतर सात-आठ वर्षं नाना दर गुरुवारी आमच्याबरोबर धुळ्याला यायचे. सुरुवातीला डोळे तपासायला, नंतर कशालाच नाही. ती जागा त्यांचीच होती. मी गाडी चालवायचो आणि ते ऐकायचे. चाकात हवा कमी आहे, हे मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. माझं लग्न ठरलं तेव्हा आई गुहागरहून जळगावला आली, तर तिला स्टेशनवरून आणायला नाना हट्टानं आले आणि रस्ताभर तिला सांगत होते, तुमच्या मुलासारखा ड्रायव्हर खानदेशात नाही. आईला त्यांची भाषा कळली नाही, पण ती मान डोलवत होती.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो. पाय उशीवर ठेवून पडलेले. अक्कांनी भाकरी वाढली, शेजारी मूठभर भात. अक्का बाहेर गेल्या आणि मी एकदाचं बोललो. म्हटलं, नाना, मी पाटी वाचली आणि तीन गुरुवार गप्प बसलो. माझी नोकरी पक्की होईपर्यंत. एवढी वर्षं मला ते गिळता आलेलं नाही.

नाना छताकडे बघत होते. म्हणाले, "तू सांगं त्याना राग नही. आठ दिन आगाऊ सांगं. चढवर तुना पाय आजून कच्चा व्हता."

सांगितलं म्हणून राग नव्हता. आठ दिवस आधी सांगितलं म्हणून होता. पारोळ्याच्या चढावर माझा पाय पक्का झाल्यावर ते स्वतःच बाईंना सांगणार होते, तोवर डोळ्याचं काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी खडीच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला उशिरासाठी बोल लावत होतो आणि ते मला घाईसाठी. नानांनी हात पुढं केला, माझं मनगट चाचपलं आणि धरून ठेवलं. भात गार होतोय, खा, असं म्हणाले.

परवा गुरुवार झाला. अंगणात गाडी काढली, डावीकडे गेलो, दार उघडलं. व्हरांड्यात नवे लोक होते, त्यांतला एक हसला, ड्रायव्हर चुकला म्हणून. म्हातारा माणूस बसायला लागतो तेवढा वेळ दार धरलं आणि मग लावलं. बाई मागे बसल्या होत्या. पारोळ्यात बाजार समितीपाशी रांग होती. पुढची बैलगाडी हलली. इंजिनाचा आवाज चढत चढत त्या जागी आला आणि मी थांबलो, का ते माहीत नाही. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मग मीच म्हटलं, हं... आणि पाय सोडला.